जगात जर्मनी, कडीत परभणी

आमच्या गावावर दोन म्हणी आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही एक. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरी. पहिली आम्ही पाहुण्यांना ऐकवतो, दुसरी पाहुणे आम्हाला. निवृत्तीनंतर मी एक छंद लावून घेतला आणि त्या एकाच छंदात दोन्ही म्हणी स्वखर्चानं खऱ्या करून दाखवल्या. पहिली वाचनात, दुसरी अंगणात.

छंद काचेचा. काचेची कांडी ज्योतीत धरायची, वितळली की तिचा थेंब, पान, गोळी असं काहीतरी घडवायचं, त्याच्या डोक्यावर काचेचीच कडी चढवायची आणि साखळीत ओवून गळ्यात घालायचं. झालं पेंडंट. या कामाचं एक मोठं घराणं जर्मनीत आहे. थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा गावात १५९७ साली काचेची भट्टी लागली आणि पुढं तिथल्या घराघरांत लोक टेबलावर दिवा ठेवून त्याच्या ज्योतीवर काच घडवू लागले. मणी, काचेचे कृत्रिम डोळे, नाताळच्या झाडाला टांगायच्या चकचकीत गोळ्या, यांत ते गाव मुरलेलं. त्याच प्रांतातल्या येना शहरात ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरोसिलिकेट काच बनवली. प्रयोगशाळेतलं चंचुपात्र तापवलं तरी सहसा तडकत नाही, ते या काचेच्या कृपेनं. म्हणजे जर्मनीनं आपली बाजू चोख पार पाडली होती. उरली होती परभणी.

माझी पात्रता म्हणाल तर मी जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. उष्णतेचं प्रकरण विशेष आवडीचं. रेषीय प्रसरण, उष्णतावहन, पृष्ठताण हे शब्द फळ्यावर लिहून लिहून हात बसला होता. काचकामाला लागणारं सगळं ज्ञान माझ्यापाशी होतं. फक्त ते बोटांत नव्हतं, खडूत होतं.

दर वर्षी फेब्रुवारीत परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. सगळ्या जातीधर्माची माणसं, खेड्यापाड्यांतून भरून आलेल्या जीपा, आकाशपाळणे, मौत का कुआँ, मिठाईची दुकानं. आमची ही कानातल्यांच्या दुकानात अडकली होती, म्हणून मी शेजारच्या टेबलाशी उभा राहिलो. फिरोजाबादहून आलेला एक कारागीर बर्नर लावून काचेचे हंस आणि होड्या करत बसला होता. माझ्यासमोर त्यानं एका निळ्या थेंबाचं पेंडंट केलं. थेंबाला बराच वेळ दिला आणि कडी मात्र मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत लावून मोकळा झाला.

‘एवढंच?’ मी म्हणालो. मनात म्हणालो असतो तर पुढचा खर्च वाचला असता.

त्यानं मान वर केली, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि अत्यंत अदबीनं स्टूल पुढं सरकवलं. ‘आइए चचा, बैठिए.’

उरुसात दुपारी गर्दी नसते. तेवढ्या वेळात त्यानं मला शिकवायचं ठरलं. फी म्हणून एक पैसा घेतला नाही. घरून धपाटे, दही आणि ठेचा न्यावा लागे. भट्टीसमोर ज्याला घाम फुटत नव्हता त्याला आमच्या ठेच्यानं फुटला, तेवढी एकच माझी त्या टेबलावरची कामगिरी.

कडीचा विधी ऐकायला सोपा आहे. डाव्या हातात पेंडंट, उजव्या हातात पारदर्शक काचेची बारीक कांडी. पेंडंटच्या डोक्यावरची जागा ज्योतीत लाल करायची, कांडीचं टोक त्याहून जास्त. टोक जागेवर टेकवायचं, क्षणभर दम धरायचा, वर ओढायचं, मागं वळवायचं, पलीकडच्या बाजूला टेकवायचं आणि ज्योतीनंच कांडी कापून टाकायची. मग टंगस्टनच्या टोच्यानं भोक गोल करून घ्यायचं. वितळलेली काच थंडीतल्या काकवीसारखी वागते. तिची धार हवी तेवढी लांब ओढता येते, पण तुटायचं केव्हा ते ती ठरवते. माझी धार पहिल्याच दिवशी टेबलावरून उस्तादच्या हंसापर्यंत गेली आणि हंसाला दुसरी मान फुटली.

‘पहले बदन गरम, फिर कडी,’ उस्ताद म्हणायचा. यात त्याचं सगळं शास्त्र आलं. पेंडंटचं अंग जाड. ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. कडी बारीक; ती क्षणात वितळते आणि क्षणात थिजते. अंग पुरेसं गरम नसताना कडी टेकवली तर ती चिकटल्याचं नाटक करते, मुरत नाही. अंग गरम करायला जावं तर कडी पुन्हा वितळते, आणि पृष्ठताणामुळं तिचं भोक बुजून डोक्यावर एक टेंगूळ उरतं. म्हणून अंग ज्योतीतून फिरवत राहायचं आणि त्याच वेळी अंगालाच जोडलेली कडी ज्योतीबाहेर राखायची. दोघं एकमेकांना घट्ट धरून, पण एक आत आणि एक बाहेर. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे यायला हवं. मला आलं नाही. उरूस संपला, उस्ताद सामान बांधून पुढच्या जत्रेला गेला आणि जाताना मला एक टोच्या देऊन गेला. गुरुमंत्राऐवजी म्हणाला, ‘चचा, जल्दी मत करना.’

मी दुसऱ्याच दिवशी सामानाच्या मागे लागलो.

साध्या काचेला गॅस आणि हवेचा बर्नर पुरतो. पण मला बोरोसिलिकेट हवी होती, कारण जर्मनी. ही काच लवकर मऊ होत नाही, तिला ज्योतीत ऑक्सिजन द्यावा लागतो. आता परभणीत अंगणात ऑक्सिजन आणायचा कुठून? वाचता वाचता कळलं की परदेशातले हौशी काचकामवाले दवाखान्यातलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरतात. हवेतला नायट्रोजन गाळून ते मिनिटाला ५ लिटर, ९० टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन देतं. कोरोनाच्या काळात लोकांनी घाईघाईनं घेतलेली ही यंत्रं आता कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहेत. जिंतूर रोडवरच्या एका स्नेह्याकडचं मी आणलं. आणलं ते भर संध्याकाळी, उघड्या रिक्षातून.

समोरच्या वहिनींनी ते उतरवताना पाहिलं. दिवेलागणीला पहिली मोसंबी आली. मग शहाळी आली. मग भजनी मंडळातले दोघं आले आणि काहीच न बोलता बसून राहिले. मी दार उघडलं की प्रत्येक जण म्हणे, ‘सर, तुम्ही कशाला उठलात?’ हे माझ्यासाठी नाही, असं सांगितलं की सगळ्यांच्या नजरा ओसरीवर आईकडं वळत. आई गहू निवडत बसली होती. शेवटी ती वैतागली. ‘माझ्याकडं काय बघायलेत? मला काय धाड भरली? त्याला गळ्यातलं करायचंय, त्याच्यासाठी आणलंय ते.’

गळ्यातलं करायला ऑक्सिजन लागतो हे ऐकून लोक उठले. मोसंबी परत नेली नाहीत. पायऱ्या उतरताना जी कुजबुज झाली ती आजाराबद्दलचीच होती, फक्त आजार आता छातीतून डोक्यात गेला होता.

गॅसवर हिचा पहारा होता. ‘घरच्या सिलिंडरला हात लावायचा नाही,’ एवढंच ती म्हणाली, पण ज्या स्वरात म्हणाली तो मी वर्गात कधी साधू शकलो नाही. म्हणून ५ किलोचा वेगळा सिलिंडर आला, नळ्या आल्या, भडका मागं येऊ नये म्हणून झडपा आल्या. या झडपांवर मात्र मी पैसे वाचवले नाहीत. चेष्टा आपल्या जागी. गॅस आणि ऑक्सिजन एका नळीत भेटले तर चेष्टा करायला कुणी उरत नाही.

वाचवले ते चष्म्यावर. काच तापली की तिच्यातल्या सोडियमचा पिवळाधमक भडका उठतो आणि त्यामागं काय चाललंय ते दिसत नाही. त्यासाठी डिडिमियमचा चष्मा असतो. निओडिमियम आणि प्रासिओडिमियम ही मूलद्रव्यं घातलेली त्याची काच ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा तेवढाच पिवळा प्रकाश गिळते, बाकीचा जाऊ देते. सोडियमच्या या दोन रेषा, ५८९.० आणि ५८९.६, मी पोरांच्या डोक्यात अक्षरशः कोंबल्या होत्या. त्या चष्म्याची किंमत पाहून मला त्यांची फारशी गरज वाटेना. मी वेल्डिंगचा काळा चष्मा आणला. भडका दिसेनासा झाला. काच दिसेनाशी झाली. स्वतःचे हातही दिसेनात. कडी आठवणीनं चढवायची, नंतर चष्मा काढून कुठं चढली ते शोधायचं. एकदा ती पेंडंटऐवजी चिमट्यावर सुंदर बसली होती. आजवरची माझी सर्वात गोल कडी ती. पुढं खरा चष्मा घेतलाच, म्हणजे दोन चष्म्यांचे पैसे गेले.

आणखी एक गोष्ट पुस्तकात असते, पण पुस्तक वाचून कळत नाही. लाली गेल्यावर ३०० अंशांची काच आणि गार काच दिसायला एकच. फरक फक्त बोटांना कळतो. अंगणात कोरफडीची मोठी कुंडी होती. पावसाळ्यापर्यंत कुंडी शिल्लक होती.

रंगीत बोरोसिलिकेट कांड्या बाहेरच्या देशातून येतात आणि त्यांचा भाव विचारून फोन ठेवावा लागतो. मी स्वदेशी मार्ग काढला. नानलपेठेतल्या एका कासाराकडं फुटक्या बांगड्यांची गोणी पडून होती. हिरव्या, लाल, मोरपंखी. त्यानं फुकट दिल्या, वर विचारलं, ‘सर, अंगणात सांडायच्यात का? मांजरं येत नाहीत त्यानं.’ मी हसून घेतलं. बांगडीची काच लवकर वितळते, रंग काय वर्णावा! मोरपंखी थेंब तयार झाला. त्याच्यावर मी माझी शुद्ध जर्मन वंशाची पारदर्शक कडी चढवली. मजबूत काचेची कडी, सुंदर काचेचं अंग. रात्री ते टेबलावर ठेवून आम्ही जेवायला बसलो. पिठलं वाढून होतंय तोच आवाज आला: टिक. मी वळून पाहिलं तर कडी जागच्या जागी उभी आणि थेंब तिच्यापासून दोन बोटं दूर.

माझा एक जुना विद्यार्थी सराफ्यात बसतो. अकरावीला भौतिकशास्त्रानं त्याचा घात केला होता. त्याला हे तुकडे दाखवले. त्यानं भिंगातून पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘सर, तुम्ही ते द्विधातू पट्टीचं शिकवलं होतं ना? दोन धातू वेगवेगळे वाढले की पट्टी वाकते.’

‘हो, वाकते.’

‘काच वाकत नसेल ना, सर?’

त्याला अकरावीत मी किती गुण दिले होते ते आठवून मला खाली बघावं लागलं. एक मीटर लांबीची काच एक अंशानं तापवली तर बोरोसिलिकेट ३.३ मायक्रोमीटरनं वाढते आणि बांगडीची साधी काच सुमारे ९. निवताना तेवढीच आकसते. जवळजवळ तिपटीचा फरक. ५०० अंशांवरून खाली येताना थेंब आपली बाही ओढत होता आणि कडी जागची हलत नव्हती; सांध्याला तुटण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे उदाहरण मी परीक्षेत घालत असे. आकडे बदलून.

या सुमाराला माझ्यात एक बदल घडला. कड्या जमत नव्हत्या, त्यामुळं मी विद्वान होऊ लागलो. जो येईल त्याला काचेचा इतिहास सांगू लागलो. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना, १९०८. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना: प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभे करायचे. टिळकांचा पाठिंबा. तिथं शिकून निघालेल्या कारागिरांनी ठिकठिकाणी काचकाम नेलं. मग ओगलेवाडी, मग प्रभाकर कंदील. इथवर आलो की आई आतून म्हणायची, ‘त्यांनी पैसा पैसा गोळा करून कारखाना काढला. ह्यानं आख्खी पेन्शन घालून एक कडी काढली नाही.’

एका रविवारी मी सगळ्यांना तेरला नेलं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. रोमपर्यंत व्यापार असलेलं सातवाहनकाळातलं शहर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मण्यांच्या कपाटापाशी मी खिळलो. आपल्याकडं काचेचे मणी केवढे जुने आहेत हे मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी भारतीय काचेच्या इतिहासावरच्या ग्रंथात मांडून ठेवलंय; मुंबई विद्यापीठानं तो १९६९ साली काढला. पण ग्रंथानं जे सुचलं नव्हतं ते कपाटासमोर सुचलं. गुंडाळून मणी करणारा कारागीर आधी भोक धरतो. मातीचा लेप दिलेली तार घेतो, तिच्यावर वितळलेली काच गुंडाळतो, निवल्यावर तार काढून घेतो. भोक तिथं पहिल्यापासूनच असतं. नळी ओढून तिचे तुकडे करणाऱ्यांचंही तेच. पेंडंटवाला उलट्या वाटेनं जातो: आधी काच मनाजोगी घडवतो, तिच्या प्रेमात पडतो आणि मग तिला टांगायचं कसं याच्या शोधात निघतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं सोडवून ठेवलेला प्रश्न मी अंगणात नव्यानं निर्माण केला होता. हे मी हिला तिथंच, कपाटासमोर, उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, ‘मग मणी करा की.’

आता मणी करायला लागलो असतो तर हा लेख झाला नसता आणि साडूंशी संबंधही बरे राहिले असते.

सेलूला साडूंच्या मुलीचा साखरपुडा होता. मी तिच्यासाठी पेंडंट केलं. सगळं बोरोसिलिकेट, एकाच घराण्याची काच. एवढं मी शिकलो होतो. आत मोरपिसाचा आकार, वर माझी कडी. भोक समोरून अगदी ऐटीत दिसायचं, मला त्याचाच अभिमान. पण साखळी मानेभोवती डावीकडून उजवीकडं जाते, म्हणून कडीचं भोक बाजूनं दिसायला हवं. ते समोरून दिसलं की गळ्यात घातल्यावर पेंडंट काटकोनात फिरतं आणि कड पुढं करून बसतं. मुलीनं मोठ्या कौतुकानं ते घातलं. समोरून फक्त काचेची एक उभी रेघ दिसत होती. मोरपीस दिसत होतं ते शेजारी बसलेल्या नवऱ्यामुलाला आणि दुसऱ्या बाजूच्या करवलीला. फोटोग्राफर दोनदा म्हणाला, ‘ताई, ते लॉकेट सरळ करा.’ ती सरळ करायची, ते फिरायचं.

इथवरही निभावलं असतं. पण सांधा कच्चा होता. बदन गरम नव्हतं. पंगतीत ती आग्रहाला म्हणून मठ्ठ्याच्या पातेल्यावर वाकली आणि टिक. यावेळी आवाज मला एकट्याला ओळखीचा होता. कडी साखळीत राहिली, मोरपीस मठ्ठ्यात गेलं.

बोरोसिलिकेटची घनता पाण्याच्या सव्वादोन पट, तेव्हा वस्तू तळाशी असणार, एवढं मी तत्परतेनं सांगितलं. मला वाटलं, धीर येईल. साडूंनी माझ्याकडं पाहिलं आणि आचाऱ्याला सांगून अख्खं पातेलं मागच्या अंगणात ओतायला लावलं. काचेची एखादी कपची कुणाच्या पोटात जायला नको, हे त्यांचं बरोबरच होतं. पण ताटांत जिलेबी वाढून झाली होती. सेलूत, लग्नघरात, मठ्ठ्यावाचून जिलेबी खाल्लेली माणसं मला अजून रस्त्यात भेटतात. ओळख देत नाहीत.

कच्च्या सांध्याला आणखी एक कारण होतं: भट्टी. घडवून झालेली काच उघड्यावर निवू दिली तर बाहेरून आधी थिजते, आत ताण अडकून बसतो आणि तो ताण पुढं कधीही, बहुधा पाहुण्यांसमोर, बाहेर पडतो. म्हणून बोरोसिलिकेट ५६० अंशांच्या आसपास काही वेळ धरून ठेवायची आणि मग हळूहळू खाली आणायची. मे महिन्यात कृषी विद्यापीठाचा तापमापक ४४-४५ दाखवतो, आमचे पेपर ते पहिल्या पानावर छापतात आणि आम्हाला वाटतं, याहून तापणं ते काय. काचेच्या हिशोबी तो गारठा आहे. मी विटा रचून, जुन्या शेगडीची कॉइल बसवून एक भट्टी उभी केली. ती छान चढायची. ५०० पार करायची. आणि नेमकी ५६० ला पोचली की लाइट जायची. इन्व्हर्टर लावू म्हटलं तर हिनं एकच प्रश्न विचारला, ‘पंख्याला की काचेला?’ मे महिन्यात या प्रश्नाला उत्तर नसतं.

मग मी चुलीच्या राखेत पेंडंटं पुरू लागलो. राख ऊब धरते, पण किती आणि किती वेळ यावर तिचा काही शब्द नसतो. सकाळी उकरलं की काही शाबूत निघत, काहींची वाटणी झालेली असे. त्यात एक दिवस आईनं तांब्या घासायला त्याच ढिगातली राख उचलली. तिला इजा झाली नाही, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून राखेचा ढीग, भट्टी आणि मी, तिघांचीही जागा गोठ्यामागं ठरली.

तिथं बसून एकदा लाउशाच्या नाताळगोळ्यांची चित्रं मी पहिल्यांदा नीट पाहिली. रंग पाहिले होते, चकाकी पाहिली होती. डोकं पाहिलं नव्हतं. प्रत्येक गोळीच्या डोक्यावर पत्र्याची छोटी टोपी आणि टोपीत अडकवलेली तारेची कडी. त्या गोळ्या पोकळ, फुंकून केलेल्या. नळीचं तोंड उघडं राहतं, त्यावर टोपी चढवणं सोयीचं, हे सगळं खरं. तरीही पिढ्यान्‌पिढ्या काच कोळून प्यालेलं गाव, आणि टांगायची वेळ आली की पत्रा! मी चित्र घेऊन तडक सराफ्यात गेलो.

विद्यार्थ्यानं चित्राकडं पाहिलंच नाही. गल्ल्यातून चांदीची तार काढली, माझ्या एका बिनकडीच्या थेंबाच्या मानेला वेढे दिले, वर एक वळसा, पक्कडीनं टोक दाबलं. माझा चहा निवायच्या आत कडी तयार. भोक बाजूनं, बरोबर दिशेला.

‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’

‘सर, तुम्ही शिकवत होतात,’ तो म्हणाला.

यावर शहाणा माणूस थांबला असता. मी हट्टाला पेटलो. पुढचे कितीतरी महिने मी पेंडंट करायचं सोडूनच दिलं आणि काचेच्या ओबडधोबड गोळ्यांवर नुसत्या कड्या चढवत राहिलो. बदन गरम, दम धरायचा, वर, मागं, टेकव, काप. महाविद्यालयातून निकाली काढलेली वजनं आणून कड्यांना टांगून पाहिली. आधी २०० ग्रॅमला सुटायच्या. मग अर्धा किलो पेलू लागल्या. एकदा किलोचं वजन लावलं तेव्हा कडी जशीच्या तशी राहिली, गोळाच दुभंगला. मी हिला हाक मारून ते दाखवलं. ती म्हणाली, ‘छान. आता घालायचं काय, नुसती कडी?’

फेब्रुवारीत उरूस भरला. उस्ताद त्याच कोपऱ्यात. मी धपाट्यांचा डबा पुढं केला आणि रुमालातून माझं सर्वोत्तम पेंडंट काढलं. त्यानं आधी साखळी घालून ते टांगलं, सरळ राहिलं. भोकात टोच्या फिरवला. सांधा उजेडात धरून पाहिला, नखानं हलकेच वाजवला. मी श्वास रोखून. शेवटी त्यानं मान डोलावली.

‘चचा, कडी एक नंबर. बहोत मजबूत.’ मग कडीखालच्या गोळ्याकडं बराच वेळ पाहिलं. ‘लेकिन ये नीचे क्या लटकाया है?’

सबब वाचकहो, काचेचं पेंडंट घ्यायला गेलात तर रंगावर भाळू नका. आधी कडी बघा. सांधा अंगात मुरलेला हवा, नुसता टेकलेला नको. सांध्यापाशी केसाएवढी चीर दिसली तर ते खाली ठेवा. भोक बाजूनं दिसायला हवं आणि साखळीचा फासा त्यातून सहज जायला हवा. आणि वसमत रोडवर एखादे निवृत्त सर तुम्हाला आग्रहानं, फुकट, काचेचं पेंडंट देऊ लागले तर जरूर घ्या, नाही म्हणू नका. फक्त ते घालून पंगतीला बसू नका.